चौथ्या नावाच्या जागी चांदणी



आपल्या वार्षिक क्रीडामहोत्सवात सर्वांत जास्त आरडाओरडा कोणत्या शर्यतीला होतो, हे कुणाला सांगायला नको. शंभर मीटरला मुले टाळ्या वाजवतात, पण रिलेला घसा बसेपर्यंत ओरडतात. कारण एकट्याच्या शर्यतीत एक जण जिंकतो आणि रिलेत अख्खा गट जिंकतो. निकालाच्या फळ्यावर वेळेच्या पुढे चार नावे एका ओळीत लिहिली जातात. त्यातले कुठलेच नाव दुसऱ्यापेक्षा मोठे नसते.

या अंकात आम्ही अशाच चार नावांच्या एका ओळीची हकीकत सांगणार आहोत. ही ओळ जर्मनीच्या अ‍ॅथलेटिक्स महासंघाच्या विक्रमांच्या यादीतली आहे. १९८४ साली तिच्यात चार नावे लिहिली गेली. २००६ साली त्यातले एक नाव निघाले आणि त्याच्या जागी छोटीशी चांदणी, म्हणजे तारांकनाचे चिन्ह आले. ज्या धावपटूचे ते नाव होते, तिच्यावर कुणी बंदी घातली नव्हती आणि कुणी तिच्याविरुद्ध तक्रारही केली नव्हती. माझे नाव यादीतून काढा, अशी मागणी तिने स्वतःच केली होती. तिचे नाव इनेस गायपेल.

मिळालेला विक्रम कुणी परत करते का? आणि का करते? हे समजण्यासाठी आधी ती शर्यत आणि तो देश समजून घेतला पाहिजे.

चौघींची एक शर्यत

४ × १०० मीटर रिलेमध्ये चार धावपटू मैदानाची एक पूर्ण फेरी वाटून घेतात. हातात बॅटन असते. ती २८ ते ३० सेंटिमीटर लांबीची पोकळ नळी असून तिचे वजन किमान ५० ग्रॅम असावे लागते. बॅटन एका हातातून दुसऱ्या हातात देण्यासाठी मार्गिकेवर ठरावीक पट्टा आखलेला असतो. ज्या काळाची ही गोष्ट आहे, त्या काळी हा पट्टा २० मीटरचा होता. अलीकडे तो ३० मीटरचा झाला आहे. पट्ट्याच्या बाहेर बॅटन दिली की संघ बाद.

पुढची धावपटू मागे न पाहता धावायला सुरुवात करते. मागची धावपटू खुणेच्या पट्टीपाशी आली की ही निघते, वेग घेते आणि आवाज ऐकताच हात मागे करते. बॅटन त्या हातात पडणारच, हा विश्वास असल्याशिवाय पूर्ण वेगाने धावता येत नाही. म्हणूनच चांगल्या रिले संघाची वेळ चौघींच्या स्वतंत्र १०० मीटरच्या वेळांच्या बेरजेपेक्षा कमी भरते. दुसरी, तिसरी आणि चौथी धावपटू बॅटन घेते तेव्हा ती आधीच धावत असते.

थोडक्यात, रिलेची वेळ कुणा एकीची नसते. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तो फार महत्त्वाचा ठरणार आहे.

एका शहराचा संघ

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले. १९४९ साली पश्चिम जर्मनी आणि पूर्व जर्मनी असे दोन देश अस्तित्वात आले आणि ३ ऑक्टोबर १९९० रोजी ते पुन्हा एक झाले. पूर्व जर्मनीत साम्यवादी पक्षाची सत्ता होती. या देशातल्या येना नावाच्या शहरात 'मोटर येना' हा क्रीडा क्लब होता. वेगवान धावपटू घडवणारा क्लब म्हणून त्याची ख्याती होती.

२ जून १९८४ रोजी एरफुर्ट शहरात या क्लबच्या चार मुली ४ × १०० मीटर रिले धावल्या. त्यांची वेळ होती ४२.२० सेकंद. एकाच क्लबच्या संघाने नोंदवलेली ही विक्रमी वेळ होती. ती किती मोठी होती, हे तुलनेने कळेल. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीच्या राष्ट्रीय संघाने सुवर्णपदक जिंकले ते ४२.८१ सेकंदांत. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीचा राष्ट्रीय संघ जिंकला तो ४२.५५ सेकंदांत. म्हणजे एका शहरातल्या एका क्लबच्या चार मुली आठ आणि बारा वर्षांपूर्वीच्या ऑलिंपिक विजेत्या देशांपेक्षाही वेगाने धावल्या होत्या.

त्या चौघींपैकी तिघी जगप्रसिद्ध होत्या. बेर्बेल व्यॉकेल हिने १९७६ आणि १९८० अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये २०० मीटर व रिले मिळून चार सुवर्णपदके जिंकली होती. मार्लिस ग्योर हिने १९७७ साली १०० मीटर १०.८८ सेकंदांत धावून, विजेवर चालणाऱ्या घड्याळानुसार ११ सेकंदांच्या आत येणारी पहिली महिला होण्याचा मान मिळवला होता. इंग्रिड आउअर्सवाल्ड हिने १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचे कांस्य आणि रिलेचे सुवर्ण मिळवले होते. चौथी धावपटू त्या मानाने अपरिचित होती. विवाहानंतरच्या नावाने ती तेव्हा इनेस श्मिट म्हणून धावत असे. तीच आपली इनेस गायपेल.

या चौघींच्या नशिबी त्या वर्षी ऑलिंपिक नव्हते. एरफुर्टच्या शर्यतीआधी तीन-चार आठवड्यांपूर्वीच, मे महिन्यात, सोव्हिएत संघाने लॉस एंजेलिस ऑलिंपिकवर बहिष्कार जाहीर केला होता आणि दोन दिवसांत पूर्व जर्मनीनेही त्याची री ओढली होती.

इनेसचा जन्म १९६० सालचा, ड्रेस्डेन शहरातला. चौदाव्या वर्षी तिला घरापासून दूर एका निवासी शाळेत ठेवण्यात आले. सतराव्या वर्षी ती येनाच्या क्लबमध्ये आली. धावणे आणि लांब उडी या दोन्हींत तिला गती होती. खेळाबरोबर ती येनाच्या विद्यापीठात जर्मन साहित्यही शिकत होती. म्हणजे कुठल्याही आईवडिलांना अभिमान वाटावा अशीच ही मुलगी होती.

निळ्या गोळ्या

आता त्या देशाचे गुपित. पूर्व जर्मनीची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्याही आत होती. तरीही १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये या देशाने ४० सुवर्णपदके जिंकली. अमेरिकेला ३४ मिळाली. सारे जग थक्क झाले. शास्त्रशुद्ध प्रशिक्षण, खास क्रीडाशाळा, लहान वयातच गुणी मुलांची निवड, अशी कारणे सांगितली गेली. ती खोटी नव्हती. शाळाशाळांतून मुलांची उंची, वजन, वेग मोजून निवड होत असे आणि प्रशिक्षक खरोखरच जाणकार होते. पण एवढ्याने सगळे स्पष्ट होत नव्हते.

१९७४ साली सरकारने एक गुप्त योजना आखली. कागदोपत्री तिला 'राज्य योजना विषय १४.२५' असे नाव होते. खेळाडूंना शक्तिवर्धक हार्मोन देण्याची ही योजना होती. तिच्या कागदपत्रांत औषधांना 'साहाय्यक साधने' असे निरुपद्रवी नाव दिलेले असे. यातले मुख्य औषध होते ओरल-ट्युरिनाबोल नावाची निळी गोळी. ती बनवणारा येनाफार्म हा सरकारी कारखाना येना शहरातच होता. ज्या शहरात विक्रमी संघ घडत होता, त्याच शहरात ती गोळी बनत होती.

हे औषध पुरुषी हार्मोनसारखे काम करते. त्याने स्नायू वाढतात, थकवा लवकर भरून निघतो आणि त्यामुळे रोज अधिक सराव झेपतो. स्त्रियांच्या शरीरात असे हार्मोन निसर्गतः फार थोडे असते. त्यामुळे मुलींवर त्याचा परिणाम अधिक ठळक दिसतो. वेग वाढतो, त्याबरोबर आवाज घोगरा होतो, अंगावर केस वाढतात, यकृताला इजा होऊ शकते आणि पुढे मातृत्वातही अडचणी येऊ शकतात. यातले काही परिणाम औषध थांबवल्यावरही भरून येत नाहीत.

सर्वांत चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. या गोळ्या मिळणाऱ्यांत शाळकरी वयाच्या मुली होत्या. अनेकींना त्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या म्हणून दिल्या गेल्या. घरी काही बोलायचे नाही, अशी ताकीद असे. आईवडिलांना विचारलेही जात नसे. सुमारे दहा हजार खेळाडूंना अशी औषधे दिली गेली असावीत, असा अंदाज आहे.

मग हे पकडले कसे गेले नाही? परदेशी स्पर्धेला जाण्याआधी गोळ्या काही दिवस बंद केल्या जात. शिवाय ड्रेस्डेनजवळच्या क्रायशा येथील सरकारी प्रयोगशाळेत खेळाडूंची आधीच तपासणी होई. ज्यांच्या शरीरात औषधाचा अंश सापडे, त्यांना काहीतरी कारण सांगून घरीच ठेवले जाई. प्रयोगशाळा असते ती फसवणूक पकडायला. इथे ती फसवणूक लपवायला वापरली गेली.

धावणे संपले, आयुष्य सुरू झाले

इनेसची धावण्याची कारकीर्द १९८५ च्या सुमारास संपली. त्यामागची तिने सांगितलेली हकीकत अशी. १९८४ च्या आधी मेक्सिकोतल्या सराव शिबिरात तिचा तिथल्या एका तरुणावर जीव जडला आणि लॉस एंजेलिसला गेल्यावर देश सोडण्याचा विचार तिच्या मनात आला. गुप्त पोलिसांना याचा सुगावा लागला. त्यानंतर झालेल्या पोटाच्या एका शस्त्रक्रियेत आपल्याला जाणूनबुजून इजा करण्यात आली, असा तिचा आरोप आहे. ही तिची बाजू आहे. तिच्या काही विधानांवर आणि तिने दिलेल्या आकड्यांवर अलीकडच्या काळात तिच्याच चळवळीतल्या जुन्या सहकाऱ्यांनी आक्षेप घेतले, काही वाद कोर्टापर्यंतही गेले. वाचकांना हे ठाऊक असावे म्हणून आम्ही नोंदवून ठेवतो. मात्र गोळ्यांची योजना होती की नाही, याबद्दल वाद उरलेला नाही. ती कागदोपत्री सिद्ध झाली आहे.

१९८९ च्या उन्हाळ्यात, बर्लिनची भिंत पडण्याच्या काही आठवडे आधी, इनेस हंगेरीमार्गे पश्चिम जर्मनीत निसटली. डार्मश्टाट शहरात तिने तत्त्वज्ञान आणि समाजशास्त्राचा अभ्यास केला. पुढे ती लेखिका झाली आणि बर्लिनच्या एर्न्स्ट बुश नाट्यविद्यालयात पद्यभाषेची प्राध्यापिका झाली. कवितेची ओळ रंगमंचावर कशी म्हणावी, हे ती नटांना शिकवत असे. हाताच्या खुणेवर निघणारी धावपटू शब्दाच्या लयीकडे वळली होती.

गुप्त योजनेचे कागद बाहेर आले ते १९९० च्या सुमारास. वेर्नर फ्रांके हे कर्करोगावर संशोधन करणारे जीवशास्त्रज्ञ आणि त्यांच्या पत्नी, पूर्वीच्या थाळीफेकपटू ब्रिगिटे बेरेंडोंक, या दोघांनी ते मिळवले. लष्करी वैद्यकीय अकादमीतल्या प्रबंधांत आणि अहवालांत कुणाला किती गोळ्या दिल्या आणि त्याने किती फरक पडला, याच्या व्यवस्थित नोंदी होत्या. १९९१ साली बेरेंडोंक यांच्या पुस्तकातून त्या जगापुढे आल्या. लपवणाऱ्यांच्या टापटिपीनेच त्यांना उघडे पाडले.

कोर्टाच्या पायरीवर

२ मे २००० रोजी बर्लिनमध्ये खटला उभा राहिला. आरोपी होते पूर्व जर्मनीच्या क्रीडा संघटनेचे अनेक वर्षांचे प्रमुख मान्फ्रेड एवाल्ड आणि क्रीडावैद्यक खात्यातले वरिष्ठ डॉक्टर मान्फ्रेड हॉप्नर. फिर्यादीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या माजी महिला खेळाडूंत इनेस गायपेलही होती. त्या खटल्यावर तिने पुढच्याच वर्षी पुस्तक लिहिले.

कल्पना करा, मध्यमवयीन स्त्रिया साक्षीदाराच्या जागी उभ्या राहून आपल्या शरीराबद्दल भर कोर्टात बोलत होत्या. एकेकाळी ज्यांच्या गळ्यात पदके घातली गेली, त्याच या स्त्रिया. १८ जुलै २००० रोजी निकाल लागला. शारीरिक इजा करण्यास साहाय्य केल्याबद्दल एवाल्ड यांना २२ महिन्यांची आणि हॉप्नर यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. दोन्ही शिक्षा स्थगित होत्या, म्हणजे दोघांनाही प्रत्यक्ष तुरुंगात जावे लागले नाही. अनेकांना ही शिक्षा अपुरी वाटली. पण कोर्टाने एक गोष्ट ठरवून टाकली: या मुलींच्या शरीराशी जे केले गेले तो गुन्हा होता, क्रीडाशास्त्र नव्हते.

२००२ साली जर्मनीच्या संसदेने या पीडित खेळाडूंसाठी मदतीचा कायदा केला आणि सुमारे दोनशे जणांना प्रत्येकी दहा हजार युरोंच्या आसपास रक्कम मिळाली. २०१६ साली तसाच दुसरा कायदा झाला. २०१३ ते २०१८ या काळात इनेस गायपेल पीडितांना मदत करणाऱ्या संस्थेची अध्यक्ष होती.

नाव काढा

आणि आता ती चांदणी. २००५ साली इनेसने जर्मन अ‍ॅथलेटिक्स महासंघाकडे मागणी केली की एरफुर्टच्या त्या विक्रमातून आपले नाव वगळावे. तो विक्रम आपल्याला दिलेल्या औषधांच्या जोरावर झाला, म्हणून तो आपला म्हणवत नाही, असे तिचे म्हणणे होते.

मागणी सोपी वाटते, पण तिने पेच पडला. एकट्याच्या विक्रमाचे एक नाव काढले की विक्रम जातो. इथे तर रिले होती. बॅटन चार हातांतून गेलेली होती. एकीने 'माझा भाग काढून घ्या' म्हटले तर ४२.२० सेकंदांतून तिचा भाग कसा वजा करायचा? तिघींची संमती नसताना सगळा विक्रम रद्द करायचा का? आणि नाव तसेच ठेवले तर जी स्वतःहून सत्य सांगते आहे, तिचे म्हणणे नाकारल्यासारखे होते.

शेवटी २००६ साली महासंघाने मधला मार्ग काढला. वेळ राहिली. तीन नावे राहिली. चौथ्या नावाच्या जागी चांदणी आली. पुढे काही वर्षांनी आणखी एका धावपटूने हाच मार्ग धरला. १९८४ सालीच एरफुर्टमध्ये पूर्व जर्मनीच्या संघाने ४ × ४०० मीटर रिलेत ३ मिनिटे १५.९२ सेकंद अशी विक्रमी वेळ दिली होती. त्या संघातल्या गेझिने टेटेनबॉर्न हिनेही आपले नाव काढून घेतले.

आम्हाला त्या चांदणीबद्दल विशेष वाटते ते असे. रिकामी जागा ठेवली असती तर वाचणाऱ्याला छपाईची चूक वाटली असती. चांदणी दिसली की माणूस थांबतो आणि विचारतो, इथे कोण होते? मग उत्तर द्यावेच लागते, आणि ते उत्तर द्यायचे तर निळ्या गोळीपासून सुरुवात करावी लागते.

इतर तिघींबद्दल निवाडा करणे आमचे काम नाही. त्याही त्याच व्यवस्थेत वाढल्या होत्या. पहाटे उठून केलेला सराव, गाळलेला घाम आणि अचूक दिलेली बॅटन हे सारे खरेच होते. म्हणून तर हे प्रकरण इतके अवघड आहे. कष्ट खरे आणि विक्रम डागाळलेला, अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आपल्या मैदानावर

ही गोष्ट दूरच्या देशाची असली तरी तिच्यातले तीन प्रश्न आपल्या दारात आहेत.

पहिला पालकांसाठी. आपल्या मुलाला किंवा मुलीला सरावाच्या ठिकाणी कोणती पावडर, गोळी किंवा इंजेक्शन घ्यायला सांगितले, तर त्याचे नाव लिहून घ्या आणि आपल्या डॉक्टरांना दाखवा. 'फक्त ताकदीचे आहे' हे उत्तर पुरेसे मानू नका. पूर्व जर्मनीतल्या आईवडिलांना तर तेवढेही उत्तर मिळाले नव्हते. आपल्या देशातही २००५ साली राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे 'नाडा', स्थापन झाली आहे. धोका आपल्याकडे नाही असे मानून चालणार नाही.

दुसरा विश्वस्त आणि शिक्षकांसाठी, आणि त्यात आम्हीही आलो. ढालींचे कपाट भरलेले पाहून सर्वांनाच बरे वाटते. पण आंतरशालेय स्पर्धांत वय कमी दाखवून खेळवणे, दुखापत लपवून मुलाला मैदानात उतरवणे, अशा गोष्टी ठिकठिकाणी ऐकू येतात. त्यांचीही सुरुवात 'शाळेच्या नावासाठी' या शब्दांनीच होते. पूर्व जर्मनीत ते शब्द 'देशाच्या नावासाठी' असे होते, एवढाच फरक.

तिसरा तुमच्यासाठी, मुलांनो. कुणी मोठ्या माणसाने एखादी गोष्ट घ्यायला दिली आणि 'घरी सांगू नकोस' असे म्हटले, तर ती घरी सांगायचीच. मग ती देणारी व्यक्ती कितीही आदरणीय असो.

शेवटी वर्गात चर्चेसाठी एक विषय देतो. समजा, जर्मन महासंघात निर्णय तुम्हाला करायचा होता. तुम्ही काय केले असते? चौघींची नावे काढली असती, चौघींची ठेवली असती, की चांदणीच योग्य वाटते? आपले मत कारणांसह एका पानात लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावे. निवडक मते पुढील अंकात आम्ही अवश्य छापू.